मरतुकीतून वाचलेली कालवं: पुढच्या पिढीचे आईबाप कसे निवडाल

कालवेपालनाच्या गटात मरतूक झाली की पहिल्या आठवड्यात एकच धावपळ होते: जी जिवंत आहेत ती काढा, फोडा आणि विका. वर्सोव्यात वाढलेल्या मला ती घाई समजते. माझी आत्या मढच्या खडकांवर ओहोटीला कालवं फोडायची आणि बाजारात वाटे लावायची. हातात आलेला माल संध्याकाळपर्यंत विकला गेला नाही तर तो गेलाच, हे तिचं गणित होतं आणि ते बरोबर होतं. पण खडकावरचं कालव आणि तुमच्या दोरावरचं कालव यांत फरक आहे. दोरावरचं तुम्ही वाढवलंय. त्याचं वय तुम्हाला ठाऊक आहे, त्याच्या शेजारची कधी मेली हे तुम्ही पाहिलंय. मोठ्या मरतुकीतून ते वाचलं असेल तर त्याच्या मांसाच्या भावापेक्षा त्याच्या अंड्यांची किंवा रेताची किंमत जास्त असू शकते.

‘असू शकते’ म्हणते, कारण वाचणं दोन प्रकारचं असतं. एक कालव रोगाशी झुंजून वाचतं आणि ती ताकद त्याच्या पिलांत उतरते. दुसऱ्याची रोगाशी गाठच पडलेली नसते: ते रॅकच्या कोपऱ्यात होतं, तिथला प्रवाह वेगळा होता. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. त्यांना वेगळं कसं ओळखायचं आणि पहिल्या प्रकारच्या कालवांपासून बीज कसं धरायचं, एवढ्यासाठीच हे लिहितेय. मी मुंबईत शिंपल्यांच्या रोगांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या बचत गटांतल्या ताया आणि मत्स्यविज्ञानाचे विद्यार्थी जे विचारतात, त्याच क्रमाने जाते.

आधी मेली कशाने ते पाहा

प्रतिकारक कालवं निवडायची, तर कोणत्या रोगाला प्रतिकारक? आपल्या खाड्यांत कालवं मरायला रोगच लागतो असं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये वरून गोड्या पाण्याचा लोंढा येतो आणि खाऱ्या पाण्यावर तरंगतो. कालव शिंपले मिटून काही दिवस काढतं, पण फार दिवस नाही काढू शकत. अशा वेळी दोराचा वरचा भाग जास्त मेलेला असतो, खालचा कमी. गाळाने मेली असतील तर उलट, तळाची आधी जातात. मे महिन्यात उधाणाच्या ओहोटीला दुपारी उघडी पडून तापलेली कालवं एका ठरावीक उंचीवरच मरतात. शिंपल्याला बारीक गोल भोक दिसलं तर ते भोक पाडणाऱ्या गोगलगायीचं काम, कडा मोडलेल्या असतील तर बहुधा खेकड्याचं. यांतल्या कशानेही शेजारची मेली आणि एखादं वाचलं, तर ते रोगप्रतिकारक ठरत नाही.

रोगाची पहिली खूण मेलेल्यांच्या वयात शोधा. फ्रान्समध्ये २००८ साली पॅसिफिक कालवांची कोवळी पिलं मोठ्या प्रमाणावर मेली. कारण होतं कालवांच्या हर्पिस विषाणूचा एक नवा प्रकार. पाणी १६ अंशांच्या आसपास पोचलं की लागण सुरू व्हायची आणि काही दिवसांत पिलांचा फडशा पडायचा. मोठी कालवं त्यातून बऱ्यापैकी निभावायची. याउलट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पर्किन्सस मरिनस नावाच्या परजीवीची लागण बहुधा पहिल्या वर्षी होते आणि मरतूक दिसते दुसऱ्या वर्षी, उन्हाळा सरता सरता. मांस पातळ, पाणचट आणि फिकट होत जातं. म्हणजे मेलेली सगळी बोटाच्या पेराएवढी होती की विक्रीच्या आकाराची होती, एवढ्या एका नोंदीने प्रयोगशाळेचं अर्धं काम सोपं होतं. (हर्पिस हे नाव ऐकून घाबरू नका. हा विषाणू किंवा पर्किन्सस, दोन्ही माणसाला होत नाहीत.)

नमुने मरतूक चालू असतानाच घ्या. शिंपले अर्धवट उघडे आहेत, टोचलं तर हळूच मिटतात, मांस अजून ताजं आहे, असं कालव सगळ्यांत उपयोगी. सडलेल्या मांसावरून काही कळत नाही. रिकामे जोडशिंपले मोजायला हवेतच, पण तपासणीला ते निरुपयोगी. एका जागेची किमान ३० कालवं द्या. दहांत एक बाधित असेल तर ३० मध्ये निदान एक तरी बाधित हाती लागण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या वर जाते. शंभरात दोनच बाधित असतील तर तेवढ्याच खात्रीसाठी १५० लागतात. डीएनए तपासणीसाठी कल्ल्यांचा आणि कडेच्या झालरीचा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली ऊती पाहायच्या असतील तर कल्ले आणि पचनग्रंथी दोन्ही येतील असा अंगाचा आडवा काप डेव्हिडसन द्रावणात घाला. त्यात फॉर्मलिन असतं, म्हणून हातमोजे घालून आणि उघड्या हवेत.

पर्किन्सससाठी एक जुनी, स्वस्त आणि अजूनही भरवशाची चाचणी आहे. सॅमी रे यांनी ती १९५२ साली मांडली. कल्ल्याचा आणि आतड्याच्या शेवटच्या भागाचा तुकडा थायोग्लायकोलेट माध्यमात प्रतिजैविकं घालून अंधारात पाच ते सात दिवस ठेवायचा. परजीवीच्या पेशी त्यात फुगतात. मग तुकडा काचपट्टीवर कुस्करून त्यावर लुगोलचं आयोडीन टाकलं की त्या निळ्या-काळ्या गोळ्यांसारख्या उठून दिसतात. महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत हे होतं, आणि मला वाटतं कालवेपालन असलेल्या प्रत्येक तालुक्यात कुणाला तरी ते यायला हवं. कारण हे कूळ आपल्या दारात आहे: तुतिकोरिनच्या मोती कालवांत पर्किन्सस ओल्सेनी आणि भारतातल्या खाण्याच्या कालवांत पर्किन्सस बैहाईएन्सिस नोंदला गेलाय. ओल्सेनी जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या यादीत आहे. संशय आला तर मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा. केंद्र सरकारचं ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे ॲपही २०२३ पासून आहे आणि त्यात शिंपल्यांसाठी जागा आहे.

आणखी एक तपासणी, जी लोक हमखास विसरतात: तुमच्या दोरावर एकच जात आहे का? आपल्या किनाऱ्यावर खडकावरचं सॅकोस्ट्रिया आणि खाडीतली मोठी कालवं एकाच माळेवर बसतात. सॅकोस्ट्रियाच्या शिंपल्याच्या आतल्या कडेला बारीक दात असतात, मोठ्या खाडीकालवांना नसतात. मोठ्या खाडीकालवांच्याही दोन जाती आहेत, बिलिनिएटा आणि ग्रायफॉइडिस: बिलिनिएटाचा स्नायूचा डाग गडद जांभळट असतो, ग्रायफॉइडिसचा पांढुरका. एक जात मेली आणि दुसरी जगली, तर ते एका जातीतल्या प्रतिकाराचं लक्षण नव्हे. पण नोंदवहीत दोन्ही नुसती ‘कालवं’ म्हणून लिहिली असतील तर आकडे नेमकं तसंच भासवतील. शंका असेल तर थोड्या नमुन्यांची डीएनए ओळख करून घ्या.

वारशाने काय मिळतं

कालवाला प्रतिपिंडं नसतात. आपल्याला एकदा गोवर झाला की शरीर तो लक्षात ठेवतं, तशी व्यवस्था त्याच्याकडे नाही. त्याचं संरक्षण म्हणजे रोगजंतूंना गिळणाऱ्या रक्तपेशी, काही प्रथिनं आणि एन्झाइमं, आणि कल्ल्यांवरचा चिकट थर. लाखो पिलांना एकेक टोचत बसणं शक्य नाही, उघड्या खाडीत औषध टाकून उपयोग नाही. म्हणून वारसा हाच आपल्याकडचा मुख्य मार्ग.

तो चालतो हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेलावेअर उपसागराने दाखवलं. तिथे १९५७ मध्ये एमएसएक्स नावाचा रोग आला, त्याचा परजीवी हॅप्लोस्पोरिडियम नेल्सोनी. दोन-अडीच वर्षांत उपसागराच्या खालच्या, जास्त खाऱ्या भागातली दहांतली नऊहून अधिक कालवं मेली. रटगर्स विद्यापीठाच्या हॅरोल्ड हॅस्किन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या मरतुकीतून वाचलेली कालवं गोळा केली, त्यांचं बीज धरलं, ते पुन्हा रोगाच्या पाण्यात लावलं, पुन्हा वाचलेल्यांचं बीज धरलं. पिढ्यान्‌पिढ्या हेच. त्यातून तयार झालेले वाण रोगाच्या पाण्यात साध्या कालवांपेक्षा कित्येक पट जास्त जगू लागले.

या कामातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत, आणि दोन्ही तुमच्या खिशाशी संबंधित आहेत. पहिली: निवडलेल्या वाणांना लागण होतच नव्हती असं नाही. परजीवी शिरायचा, पण पुष्कळदा कल्ल्यांपुरता अडकून राहायचा, अंगभर पसरायचा नाही. म्हणजे प्रतिकारक कालव रोगवाहक असू शकतं. मरतुकीतून वाचलेली कालवं कौतुकाने दुसऱ्या, निरोगी खाडीत नेऊ नका. दुसरी: प्रतिकार त्या-त्या रोगापुरता असतो. डेलावेअरमध्ये १९९० च्या सुमारास पर्किन्ससने जोर धरला तेव्हा एमएसएक्सला पुरून उरलेले ते वाण त्याच्यापुढे टिकेनात. मग दोन्ही रोगांसाठी मिळून निवड करावी लागली. फ्रान्समध्येही पिलांना मारणाऱ्या हर्पिसला तोंड देणारी कुटुंबं, मोठ्या कालवांना मारणाऱ्या व्हिब्रिओ एस्ट्युरिॲनस या जिवाणूपुढे आपोआप तगडी निघाली नाहीत. कुणी तुम्हाला ‘सर्व रोगांना प्रतिकारक बीज’ विकायला आलं तर विचारा, कोणत्या रोगाला, कोणत्या खाडीत, किती पिढ्या निवडून.

नशीब बाजूला कसं काढायचं

साधी पद्धत अशी की मरतूक संपली, जी उरली त्यांतली चांगली पाहून एकत्र केली, त्यांचं बीज धरलं. हॅस्किन यांची सुरुवात जवळपास अशीच झाली, आणि रोग दहांतल्या नऊंना मारत असेल तर ही पद्धत कामाची आहे, कारण तेव्हा नुसत्या नशिबाने वाचणारी थोडीच उरतात. पण मरतूक तीस-चाळीस टक्क्यांची असेल तर वाचलेल्यांत नशीबवानांची इतकी गर्दी असते की तुमची निवड जवळजवळ वाया जाते.

तिथे कुटुंबाची पद्धत लागते. एक नर, एक मादी, त्यांची पिलं वेगळी वाढवायची. असं प्रत्येक जोडीचं. पिलं हाताळण्याएवढी झाली की प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग करायचे. एक भाग रोगाच्या खाडीत जाईल. दुसरा भाग स्वच्छ पाण्यात, शक्यतो हॅचरीतच (बीज तयार करण्याच्या केंद्रातच) राहील. खाडीत गेलेली भावंडं मेली की जगली यावरून कुटुंबाचा कस कळतो, आणि पुढचे आईबाप मात्र स्वच्छ पाण्यातल्या भावंडांतून घ्यायचे. रोगही घरी येत नाही आणि वारसाही हातचा जात नाही. ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये जॉर्जेस नदीत आणि २०१६ मध्ये टास्मानियात हर्पिस पसरला, तेव्हा तिथल्या पॅसिफिक कालवांच्या सुधार कार्यक्रमाला हीच कुटुंबांची नोंद कामी आली.

खाडीतली मांडणी इथे सगळं ठरवते, म्हणून तिच्याबद्दल जरा आग्रहाने सांगते. सगळ्या कुटुंबांची पिलं एकाच वयाची आणि शक्य तितक्या सारख्या आकाराची हवीत. लहान पिलू आणि मोठं पिलू रोगापुढे सारखं नसतं, हे हर्पिसच्या बाबतीत आपण पाहिलंच. प्रत्येक कुटुंबाचे निदान तीन दोर किंवा तीन पिशव्या करा आणि रॅकवरच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. ‘हा दोर इथेच बरा दिसतो’ असं म्हणून कुणालाही हलवू देऊ नका. कडेचा दोर आणि मधला दोर यांना पाणी वेगळं मिळतं, आणि तीन ठिकाणी विखुरलेलं कुटुंब तिन्ही ठिकाणी तगलं तरच ते कुटुंबाचं बळ. शेजारी त्याच खाडीची, निवड न केलेली पिलंही लावा. त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय ७० टक्के जगणं चांगलं की वाईट हे ठरवता येत नाही.

नोंदवहीत दर वेळी लिहायचं ते हे: तारीख, दोर क्रमांक, जिवंत किती, ताजे उघडे किती, रिकामे जोडशिंपले किती, पाण्याचं तापमान आणि क्षारता. रिकामे शिंपले मोजून झाले की काढून टाका, नाहीतर पुढच्या वेळी तेच पुन्हा मोजले जातील. मरायला टेकलेली ताजी उघडी कालवंही पाण्याबाहेर काढा. पर्किन्सस एका कालवातून दुसऱ्यात थेट जातो, आणि मरणाऱ्या कालवातून त्याच्या पेशी पाण्यात सुटतात. क्षारतेसाठी रिफ्रॅक्टोमीटर घ्या, गटात एक पुरतो. एमएसएक्सचा परजीवी दर हजारी १० पेक्षा कमी क्षारतेत दोन आठवडे काढू शकत नाही, आणि पर्किन्ससही गोडसर पाण्यात मंदावतो. क्षारतेची नोंद नसेल तर ‘यंदा कालवं रोगाला पुरून उरली’ की ‘यंदा पावसाने रोगालाच दाबलं’, हे तुम्हाला कधीच सांगता येणार नाही.

आता हिशेब. समजा, खाडीत सरासरी ४० टक्के कालवं जगली आणि तुम्ही निवडलेली कुटुंबं ७० टक्के जगली. फरक ३० चा. तो सगळा पुढच्या पिढीला मिळत नाही, कारण त्यात नशीब आणि जागा यांचाही वाटा आहे. त्यातला वारशाने उतरणारा भाग समजा ०.३ असेल, तर पुढच्या पिढीची सरासरी ढोबळमानाने ९ ने वाढून ४९ होईल. ४० वरून थेट ७० ची अपेक्षा धरणारे गट दुसऱ्या वर्षी निराश होऊन काम सोडतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण ९ हा आकडा उत्तम आहे. पुढच्या पिढीत त्यावर आणखी भर पडते.

आईबाप किती हवेत

एका चांगल्या मादीकडून एका हंगामात काही दशलक्ष अंडी मिळतात. त्यामुळे हॅचरीत नेहमीचा मोह: एक मादी, एक नर, टाकी भरली, काम झालं. भात करणारा शेतकरी चार निवडक लोंब्यांचं बियाणं राखतो आणि त्याचं निभतं, कारण भाताचं फूल मुख्यतः आपलं आपणच फळतं आणि त्याला ते सोसतं. कालवाला सोसत नाही. कालवांत लपलेल्या घातक जनुकांचा बोजा मोठा असतो. जवळच्या नात्यात बीज धरलं की ती जनुकं जोडीने एकत्र येतात, अळ्या मरतात, वाढ खुंटते. मग तुम्ही रोगाला प्रतिकारक पण एरवी मरतुकडं वाण तयार करून बसता.

आकड्यांत पाहा. नर आणि मादी यांची संख्या असमान असली की खरी परिणामकारक संख्या झपाट्याने खाली येते. नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले ४, भागिले दोघांची बेरीज, असं ते सूत्र. ५० माद्या आणि १ नर घेतला तर उत्तर येतं जेमतेम ४. म्हणजे ५१ कालवं खर्ची घालून तुम्ही दोन जोड्यांएवढीच विविधता पुढे नेलीत. २५ नर आणि २५ माद्या घेतल्या तर उत्तर ५०. पहिल्या बाबतीत एका पिढीत अंतःप्रजनन साडेबारा टक्क्यांच्या वर वाढतं, दुसऱ्यात १ टक्क्याने. खर्च जवळपास तोच.

आणि २५ नरांचं रेत एका बादलीत मिसळून अंड्यांवर ओतू नका. त्यांतल्या दोन-तीन नरांचे शुक्राणू बाकीच्यांना मागे टाकतात आणि कागदावरचे २५ टाकीत तीन होतात. प्रत्येक मादीची अंडी वेगळ्या भांड्यात, त्यांना वेगळ्या नराचं रेत, फलन झालं की मग सारख्या संख्येने एकत्र. कुटुंबं ठेवायची असतील तर एकत्रही नाही.

प्रत्यक्ष करताना: तुमच्या खाडीत जननकाळ कधी येतो ते आधी काही महिने थोडी-थोडी कालवं उघडून पाहा. पिकलेली जननग्रंथी पांढरट-दुधाळ आणि फुगलेली असते, रिकामी पारदर्शक. नर की मादी हे बाहेरून ओळखता येत नाही. ग्रंथीचा कणभर भाग काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात सोडा: अंडी सुट्या कणांसारखी विखुरतात, रेत धुरकट पसरतं. वयाबरोबर लिंग बदलतं, कोवळी बहुतेक नर असतात, त्यामुळे फक्त लहान कालवं आणलीत तर माद्याच मिळणार नाहीत. नराला लागलेली सुरी मादीला लावण्यापूर्वी गोड्या पाण्याने धुवा, शुक्राणू त्यात मरतात. रेत बेताने घाला. एका अंड्याभोवती मोजकेच शुक्राणू दिसायला हवेत, गर्दी झाली तर एकाच अंड्यात अनेक शिरतात आणि ते अंडं बिघडतं.

ग्रंथी चिरून बीज काढलं की आईबाप मरतात. म्हणून प्रत्येकाचा कल्ल्याचा तुकडा क्रमांक घालून अल्कोहोलमध्ये ठेवा. पुढे कधी पैसे आणि प्रयोगशाळा मिळाली तर कोणतं पिलू कोणाचं हे डीएनएवरून शोधता येईल. या एका बाटलीसाठी मी विद्यार्थ्यांच्या मागे लागते.

दुसऱ्या दिवशी इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या अळ्या दिसतात. दोन-तीन आठवड्यांत त्यांना डोळ्यासारखा ठिपका आणि सरपटायला पाय येतो, आणि त्या शिंपल्यांच्या माळेवर बसायला लागतात. या काळात चाळणीवर मागे राहिलेल्या लहान अळ्या फेकून देण्याची हॅचरीत सवय असते. सगळ्या फेकल्या तर हळू वाढणारी कुटुंबंच्या कुटुंबं नाहीशी होतात, आणि त्यांत रोगाला तोंड देणारी असू शकतात. विकण्याच्या बीजासाठी हवं तर चाळा, आईबाप होणाऱ्या तुकडीत शक्य तितकी कमी छाटणी करा.

तीन संचांची कालवं आणि जनुकांची चाचणी

‘ट्रिप्लॉइड’ बीजाबद्दल हल्ली बरीच विचारणा होते. यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. ही कालवं जवळपास वांझ असतात, बीज धरण्यात ताकद घालवत नाहीत, म्हणून वाढतात भराभर. रटगर्समध्ये १९९४ च्या सुमारास चार संचांची पॅसिफिक कालवं तयार झाली. त्यांचा साध्या कालवांशी संकर केला की सगळी पिलं तीन संचांची निघतात. लवकर विक्रीला आल्यामुळे ती दुसऱ्या वर्षीच्या मरतुकीतून सुटू शकतात, पण तीन संच म्हणजे प्रतिकार नव्हे. तो त्यांच्या आईबापांच्या वाणात असेल तरच येतो. आणि त्यांच्यापासून पुढची पिढी धरता येत नाही.

जनुकांच्या चाचणीने प्रतिकारक कालव सरळ ओळखता येईल का? पॅसिफिक कालवाचा संपूर्ण जनुकसंच २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. गुणसूत्रांच्या १० जोड्या आणि सुमारे २८ हजार जनुकं. बहुतेक रोगांच्या बाबतीत प्रतिकार अनेक जनुकांत थोडा-थोडा वाटलेला असतो. त्यामुळे संशोधक हजारो खुणा एकत्र वाचून प्रत्येक कालवाचं मोल काढतात. मात्र ते मोल काढायलाही आधी रोगात मेलेल्या आणि जगलेल्या कालवांची खरी नोंद लागते, आणि एका देशातल्या वाणावर बसवलेलं गणित दुसऱ्या जातीला लागू पडत नाही. आपल्या बिलिनिएटा-ग्रायफॉइडिससाठी ही नोंद आपल्याच खाड्यांत, आपल्याच हातांनी तयार व्हायची आहे. परदेशी प्रतिकारक बीज आणायचा विचार मनातून काढा. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते बेकायदा आहेच, शिवाय एमएसएक्सचा परजीवी मुळात आशियातल्या पॅसिफिक कालवांतून अमेरिकेत पोचला, असं त्याच्या डीएनएवरून दिसतं.

बीज खाडीतूनच येत असेल तर

बहुतेक गटांकडे हॅचरी नाही. शिंपल्यांच्या माळा टांगायच्या, खाडीत तरंगणाऱ्या अळ्या त्यावर बसतात. मग निवड कशी करणार? इथे तुमच्या हातात एकच गोष्ट आहे, पण ती मोठी आहे: मरतुकीतून वाचलेल्या मोठ्या कालवांना त्याच खाडीत, जननकाळ संपेपर्यंत राहू द्या. सगळी काढली तर पुढचं बीज जे कालव रोगाच्या तोंडी कधी गेलंच नाही, त्याचं असेल. डेलावेअरच्याच किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरात हेच घडलं. रोग न पोचणाऱ्या कमी क्षारतेच्या वरच्या भागातली कालवं बीज सोडत राहिली, आणि खालच्या भागात प्रतिकार यायला डेलावेअरपेक्षा खूप वेळ लागला. तरीही तो आला.

वाचलेली कालवं एकमेकांपासून दूर विखुरलेली असतील तर पाण्यात सोडलेली अंडी आणि रेत यांची गाठच पडत नाही. ती एका रॅकवर जवळजवळ टांगा. आणि किती ठेवायची हे घरातल्या सगळ्यांसमोर, विक्रीच्या आधी ठरवा. व्यापारी दारात उभा असताना तो आकडा कमीच होत जातो. गटाच्या पैशाची गरज मी कमी लेखत नाही. सगळी ठेवा असं मी म्हणतच नाही. पण शंभरातली वीस वाचली असतील तर त्यांतली निम्मी पाण्यात राहू द्या, एवढा माझा आग्रह आहे.

दुसऱ्या पिढीची मोजणी

निवडलेल्या आईबापांची पिलं आणि निवड न केलेली पिलं एकाच हंगामात, एकाच रॅकवर, चिठ्ठ्या टाकून लावा. गेल्या वर्षीच्या आकड्याशी यंदाचा आकडा ताडू नका, दोन वर्षांचा रोग सारखा नसतो. शक्य असेल तर दोन खाड्यांत लावा. एका खाडीत पहिलं आलेलं कुटुंब दुसरीत मधोमध येणं अगदी नेहमीचं आहे, आणि तसं झालं तर प्रत्येक खाडीसाठी वेगळे आईबाप ठेवायचे की दोन्हीकडे बरं चालणारं कुटुंब घ्यायचं, हे गटाने बसून ठरवावं. माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण दोन वाण सांभाळण्याइतकी माणसं बहुतेक गटांकडे नसतात.

ज्या वर्षी रोगच आला नाही, त्या वर्षी सगळीच कुटुंबं चांगली दिसतील. त्या आकड्यांवर कुणालाही आईबाप म्हणून निवडू नका. वाढीची वजनं घ्या, नोंदवहीत लिहून ठेवा, आणि स्वच्छ पाण्यातली भावंडं पुढच्या हंगामापर्यंत सांभाळा.